कारखान्याची पाखरे

द्वितीय वर्ष कला

‘पाखरं बघायला जायचं? आणि ती काय दडून बसल्यात व्हय?’ माझ्या आजीचा हा प्रश्न मी या लेखाच्या आरंभीच मांडते, कारण आमच्या घरात पक्षीनिरीक्षण हा शब्द प्रथम आला तेव्हा त्याचे स्वागत या वाक्याने झाले. आजीच्या मते पाखरे बघायची नसतात, हाकलायची असतात. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायची, एवढाच आमच्या घराण्याचा आणि पक्ष्यांचा संबंध. तो बदलला माझ्या वडिलांच्या नोकरीमुळे, आणि म्हणून पक्षीनिरीक्षणावर लिहायचे ठरवल्यावर मला पुस्तकापेक्षा साखर कारखान्यापासूनच सुरुवात करणे बरे वाटते.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, भीमाकाठच्या एका साखर कारखान्यात खलाशी आहेत. हंगामी. ज्यांच्या घरी कारखान्याची नोकरी नाही त्यांना या शब्दाचा अर्थ सांगितला पाहिजे. ऊस गाळपाला येतो तो दिवाळीच्या मागेपुढे आणि पट्टा पडतो मार्च-एप्रिलमध्ये. तेवढे महिने हंगामी कामगाराला काम. पुढे पावसाळ्यात यंत्रे उघडून दुरुस्ती होते, तेव्हा ज्याला बोलावणे येईल त्याला रोजगार, ज्याला येणार नाही त्याने घरी बसावे. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली.

या कारखान्यात लॅबमध्ये एक केमिस्ट साहेब आहेत. उसाच्या रसाचे नमुने तपासणे हे त्यांचे काम, आणि गळ्यात दुर्बीण ही त्यांची ओळख. त्यांच्याबरोबर टाइम ऑफिसमधले टाइमकीपर, वजनकाट्यावरचा एक कारकून, दोन वॉचमन आणि पुढे माझे आप्पा असे सहा-सात जणांचे टोळके जमले. त्यांना कोणी मंडळ म्हणत नाही, त्यांचा फलकही नाही. एक जाड शंभरपानी वही आहे, ती टाइम ऑफिसच्या खिडकीत सुतळीला बांधलेली असते. ज्याला जे दिसले ते त्याने लिहायचे. आप्पांना लिहायचा कंटाळा, म्हणून ते घरी येऊन सांगत आणि मी चिठ्ठीवर लिहून देई. अशा रीतीने मी या टोळक्याची, न बघता लिहिणारी, लेखनिक झाले.

आता प्रश्न असा की, या छंदाला कारखाना कशाला हवा? पक्षी तर रानात असतात. पण वही चाळल्यावर मला वाटू लागले की नोकरीची जागा हीच या छंदाला सर्वांत सोयीची जागा आहे. हौशी माणूस रविवारी सहलीला जातो, चार पक्षी बघतो आणि परत येतो. त्याला ‘काय आहे’ ते कळते, ‘काय बदलले’ ते कळत नाही. कामगार मात्र त्याच फाटकातून, त्याच वेळी, वर्षानुवर्षे आत जातो. शिवाय कारखान्याच्या पाळ्या असतात. चार ते बारा, बारा ते आठ आणि आठ ते चार. म्हणजे चोवीस तासांत पाखराने केव्हाही तोंड दाखवावे, पाहायला कोणीतरी जागा आहेच. रात्रपाळीच्या वॉचमनच्या नोंदी तर सगळ्यांत वाचनीय आहेत. पिंगळ्याची जोडी किती वाजता भांडायला लागते, टिटवी कोणत्या बाजूने ओरडत गेली, हे त्याने घड्याळ बघून लिहिले आहे. टिटवी ओरडली की अशुभ असा आमच्याकडे समज आहे. तोच वॉचमन आता सांगतो की टिटवी ओरडते ती बहुधा तिच्या उघड्यावरच्या अंड्यांजवळ कुत्रे किंवा माणूस आला म्हणून. चोराची चाहूल त्याला तिनेच दोनदा दिली आहे, असेही तो सांगतो. यातला दुसरा भाग खरा की थोडा रंगवलेला हे मला माहीत नाही.

घुबडाचीही अशीच गंमत आहे. कारखान्यात ज्या पट्ट्यावर उसाची मोळी टाकतात त्याला गव्हाण म्हणतात, आणि साखरेच्या गोदामाच्या तुळईवर जे पांढऱ्या तोंडाचे घुबड राहते त्याचे मराठी नावही गव्हाणी घुबड. हे ऐकल्यापासून कामगार त्याला ‘आपल्या खात्यातला’ मानू लागले. त्याचे मुख्य अन्न उंदीर. गोदामात पोती असतात आणि पोत्यांमागे उंदीर असतात, तेव्हा हा बिनपगारी नोकर कोणाला नको असेल? तरीही पूर्वी त्याला दगड मारून हाकलत, कारण घुबड म्हणजे अपशकुन. मारणाऱ्यांत आप्पाही होते, हे त्यांनी स्वतःच सांगितले.

पाहायचे कसे, तेही थोडक्यात सांगते. केमिस्ट साहेबांची पहिली अट अशी की नाव विचारायचे नाही, वर्णन सांगायचे. आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? चोच सरळ की वाकडी? शेपटी हलते का? जमिनीवर उड्या मारतो की चालतो? ओळखीच्या पक्ष्याशी मापाची तुलना करण्याची ही पद्धत सलीम अलींच्या १९४१ साली निघालेल्या प्रसिद्ध पुस्तकातही आहे. दुसरी अट, तारीख, वेळ, जागा आणि संख्या लिहिल्याशिवाय नोंद धरायची नाही. मोठा थवा असेल तर दहाचा एक घास मनात धरायचा आणि असे किती घास आहेत ते मोजायचे. आणि तिसरी अट मला फार आवडते. जे दिसले नाही तेही लिहायचे. ‘आज धोबी आला नाही’ ही सुद्धा नोंदच.

हा धोबी म्हणजे शेपटी वरखाली हलवत ओल्या जागी धावणारा काळा-पांढरा लहान पक्षी. तो उत्तरेकडून हिवाळ्यासाठी येतो. आमच्या कारखान्यात दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, आणि वहीत सलग वर्षे पाहिले तर धोब्याची पहिली नोंद त्याच पंधरवड्यात सापडते. गरम पाणी गार करण्याच्या तळ्याच्या काठी तो पळत असतो. ‘धोबी आला, आता भोंगा वाजणार’ असे कामगार म्हणतात. भोरड्या त्याच्याही आधी येतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या साळुंक्या मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडे वीण उरकून आपल्याकडे येतात आणि ज्वारीवर तुटून पडतात. आजीच्या गोफणीचा शत्रू नंबर एक हाच. पण त्या टोळ आणि नाकतोडेही तितकेच खातात हे मी आजीला सांगितले. ती म्हणाली, ‘मग त्यांला म्हणावं नाकतोडंच खा.’

नोकरी करता करता पक्षी पाहणे ही काही आमच्या कारखान्याने काढलेली नवी टूम नव्हे. आपल्या देशातील पक्षीशास्त्राचा पायाच मुळी नोकरदारांनी घातला. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी १८३२ साली प्रसिद्ध करणारा साइक्स हा सैन्यातला अधिकारी. जर्डन हा सैन्यातला डॉक्टर. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला इतिहासात भेटणारा ॲलन ह्यूम हा सनदी नोकर, आणि भारतीय पक्ष्यांचा त्याच्या काळातला सर्वांत मोठा अभ्यासक. त्याने वर्षानुवर्षे लिहिलेली टिपणे सिमल्याच्या घरातून रद्दीत विकली गेली. त्यानंतर १८८५ मध्ये त्याने आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि त्याच वर्षी काँग्रेस स्थापन झाली. इतिहासाच्या तासाला हे कोणी सांगत नाही. साताऱ्यात जन्मलेला एटकिन हा कस्टम व मीठ खात्यात होता, आणि मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचे त्याचे पुस्तक १९०० सालचे आहे. १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. ही संस्था काही काळ फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याच्या पेढीच्या जागेत चाले, आणि लहानग्या सलीमने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून देणारे मिलार्ड हेही त्याच पेढीतले. मात्र एक गोष्ट नजरेत भरते. ही सगळी साहेबमंडळी किंवा डॉक्टर. खलाशी, वॉचमन यांची नावे त्या याद्यांत नाहीत. पक्षी दाखवणारे, जाळी लावणारे, झाडावर चढणारे तेच असणार, पण वही त्यांच्या हाती नव्हती.

आमच्याकडे वही हाती आल्यावर काय घडले, त्याचे उदाहरण गिधाडांचे. गाडीतळावर जुने गाडीवान येतात. त्यांना केमिस्ट साहेबांनी विचारले, पूर्वी कोणते पक्षी होते जे आता नाहीत? सगळ्यांनी एकमुखाने गिधाडे सांगितली. बैल मेला की गावाबाहेर टाकत आणि तासाभरात आभाळातून गिधाडे उतरत. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. लोक म्हणत, रोग आला. काही म्हणत, परदेशी नेली. खरे कारण २००४ साली शास्त्रज्ञांनी शोधले, आणि ते आमच्या गाडीतळावरच सापडावे असे होते. बैल लंगडला, त्याचे सांधे धरले, की त्याला डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक टोचत. असा बैल मेला आणि गिधाडांनी खाल्ला की त्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडे देशात हजारी नऊशे नव्याण्णव संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या बैलांना वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड यांच्यावरही जनावरांसाठी बंदी आली. गिधाडांना सुरक्षित असे मेलॉक्सिकॅम हे औषध मिळते. टाइमकीपरांनी या नावांचा कागद मोठ्या अक्षरात लिहून गाडीतळावरच्या चहाच्या टपरीत चिकटवला आहे. आपला बैल ओढून मेला हे गाडीवानाला ठाऊक असते, पण त्याच्या मरणामागून आणखी कोण मेले हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. एक म्हातारे गाडीवान तो कागद वाचून घेतल्यावर बराच वेळ गप्प बसले होते, असे आप्पा म्हणाले.

आता मी मूळ हकिगतीकडे येते.

गाडीतळाच्या कडेला दोन जुनी चिंचेची झाडे आणि एक पिंपळ आहे. हंगामात बैलांच्या पायांपाशी गायबगळे किडे टिपत फिरतात, तेव्हा ते शुभ्र असतात. मे-जूनमध्ये त्यांच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर केशरी पिसे येतात, ढोकरीची पाठ तपकिरी-तांबडी होते, आणि गाडीतळ रिकामा असतानाच ही सगळी मंडळी त्या झाडांवर काटक्यांची घरटी बांधतात. रातबगळेही असतात. बगळ्यांच्या अशा वसाहतीला मारुती चितमपल्ली यांनी सारंगागार असा सुंदर शब्द वापरला आहे. चितमपल्ली स्वतः वनखात्यात नोकरी करता करताच लिहू लागले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

सारंगागार शब्द सुंदर असला तरी त्याच्याखाली उभे राहणे सुंदर नसते, हे कबूल केले पाहिजे. विष्ठा पडते, अर्धवट पचलेले मासे-बेडूक पडतात, वास येतो. आणि नेमका त्याच झाडांखाली कामगारांचा वाहनतळ. २०२३ च्या जुलैत तक्रारी झाल्या आणि फांद्या उतरवण्याचा हुकूम निघाला. आप्पांना त्या वर्षी दुरुस्तीच्या कामाला बोलावले होते. झाडावर चढण्यात ते पटाईत, म्हणून कोयता त्यांच्याच हाती आला.

आप्पांनी आठवड्यापूर्वीच त्या झाडांवरची घरटी मोजली होती. चौसष्ट. ती चिठ्ठी माझ्याच अक्षरात आहे. त्यांना हेही माहीत होते की बगळी पहिले अंडे घालताच उबवायला बसते, म्हणून एकाच घरट्यात एक पिल्लू मोठे आणि एक अगदी लहान असते. उबवणे साधारण साडेतीन आठवड्यांचे, आणि पिल्लू नीट उडायला आणखी दीड महिना लागतो. खाली पडलेल्या पिल्लाला आई खाली येऊन भरवत नाही. ते म्हणाले, ‘साहेब, दीड महिना थांबा, मग मीच तोडतो.’ उत्तर मिळाले, ‘तुझा पगार बगळे देणार का?’ आप्पांनी कोयता खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाला चढवले आणि आप्पांना कामावर बोलावणे आले नाही.

त्या दिवशी दोन मोठ्या फांद्या पडल्या. तेवीस पिल्ले खालून उचलली. पाटीत उसाचे पाचट घालून त्यांना ठेवले. केमिस्ट साहेबांनी वनविभागाला फोन केला, त्यांची गाडी संध्याकाळी आली. तोपर्यंत सात मेली होती.

पुढची कामगिरी वहीने केली. केमिस्ट साहेबांनी वरिष्ठांना अर्ज लिहिला आणि त्याला वहीतली चार वर्षांची पाने जोडली. दरवर्षी घरटी कधी बांधली जातात आणि कधी रिकामी होतात, हे तारखांसह त्यात होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणे किंवा त्यांना उपद्रव देणे हीही शिकारच धरली आहे, हे त्यांनी नमूद केले. पण माझ्या समजुतीप्रमाणे अर्ज कायद्यापेक्षा त्याच्या शेवटच्या ओळीमुळे मंजूर झाला. गाडीतळ ऑक्टोबरपर्यंत रिकामाच असतो, तेव्हा तेवढे महिने वाहने शंभर पावले पलीकडे लावावीत, अशी सूचना त्या ओळीत होती. खर्च शून्य. चार दिवसांनी तोड थांबली. ही गोष्ट आधी कोणाच्या डोक्यात का आली नाही, याचे मला अजून नवल वाटते.

बगळ्यांसाठी माणसांनी भांडण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठी विणीतल्या बगळ्यांची पिसे उपटली जात. त्याविरुद्ध १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये बायकांनीच संस्था काढली, आणि हिंदुस्थानातून पिसांची निर्यात १९०२ मध्ये बंद झाली.

त्या पावसाळ्यात आमच्या घरी मात्र अडीच महिने मजुरी नव्हती. मी बारावीला होते. पुस्तके आणि परीक्षेची फी यांसाठी आईने शेळी विकली. मी आप्पांशी आठ दिवस बोलले नाही. पाखरांना वाचवायला केमिस्ट साहेबांचा पगार पुरला असता, आमचा कशाला लागला, असे मला वाटे. आजही हा प्रश्न मला अगदीच चुकीचा वाटत नाही. पक्षी वाचवा असे सांगणाऱ्यांनी कायम कोण आणि हंगामी कोण हे एकदा विचारावे. नवव्या दिवशी आप्पा म्हणाले, ‘पोरी, मी मोजली नसती तर तोडली असती. मोजल्यावर हात चालंना.’ हंगाम सुरू झाल्यावर त्यांना पुन्हा बोलावणे आले, पण ते अजून हंगामीच आहेत.

आमच्या वहीतल्या नोंदी आता काट्यावरचा कारकून मोबाइलवरून ई-बर्ड या जागतिक नोंदवहीत भरतो. अशाच नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तयार झाला. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदींतून ९४२ जातींचा विचार त्यात केला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल ठरवता आला, त्यांतल्या सुमारे साठ टक्के जाती घटल्या आहेत. हे आकडे वाचताना मला आमची सुतळीला बांधलेली वही दिसते.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी हे सगळे टोळके एस.टी.ने भिगवणला गेले होते. कुंभारगावच्या कोळ्यांच्या होडीतून उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित पाहिले. मी आणि आजीही गेलो. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब साहेबांनी दुर्बिणीतून आजीला दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली. मग दुर्बीण परत देत म्हणाली, ‘एवढ्या लांबनं आल्यात, तर हितं खात्यात काय?’ साहेब म्हणाले, आजी, हाच खरा प्रश्न, आणि त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

यंदा जूनमध्ये आप्पांनी घरटी मोजली. एकोणसाठ. चिठ्ठी या वेळी त्यांनी स्वतः लिहिली आहे, ‘एकोणसाठ’ हा शब्द दोनदा खोडून. तोडलेल्या फांद्यांच्या जागी हातभर धुमारे फुटले आहेत. त्यांच्यावर घरटे नाही, हेही त्यांनी लिहिले आहे.